झरोके उघडे, कडी बंद

आत यायचं तर खुशाल या, पण आधी दार ओढून घ्या आणि दोन्ही कड्या लावा. हो, दोन्ही! एकीवर भागत नाही. मुंगसाला एक कडी म्हणजे काहीच नाही, नाकाने ढकलून मोकळं होतं. हं, लागल्या? आता त्या पालथ्या कुंडीवर बसा. आणि कोपऱ्यातल्या मेट्रनकडे बघू नका. अंडं घालताना कोणी टक लावून बघितलेलं तिला चालत नाही.

मी या घराच्या मागच्या बागेतली शेड. भिंती फळ्यांच्या, डोक्यावर पत्रा, एक दार, एक खिडकी. आज माझ्या पोटात कोंबड्या राहतात आणि माझं अगदी छान चाललंय. पण मध्यंतरी असे दिवस गेले, की माझा जीव टांगणीला लागला होता. माझा एकटीचाच नाही, या घरातल्या एका बाईचासुद्धा. तिची आणि माझी गोष्ट एकातच सांगावी लागेल, वेगळी करता येत नाही.

मला बांधलं ते या घरच्या वडिलांनी. त्यांना बागेचं वेड. सुतार ओळखीचा होता, पण लाकूड मात्र मिळेल ते. माझी मागची भिंत सामानाच्या जुन्या खोक्यांची आहे. तिच्यातल्या एका फळीवर ‘ही बाजू वर’ असं ठळक छापलेलं आहे, आणि सुतारमहाशयांनी नेमकी तीच फळी उलटी ठोकली. वडील हसून म्हणाले, "असू दे, शेडला काय वाचता येतं?" येतं हो! जन्मापासून ती उलटी अक्षरं वाचत उभी आहे मी.

ते माझे चांगले दिवस. कुदळ, फावडं, झारी, सगळं जागच्या जागी टांगलेलं. वडिलांना दोन मुलं. थोरला दादा, तो खिळे सरळ करत बसायचा. धाकटी छकुली, ती लपाछपीत नेहमी माझ्यातच लपायची आणि नेहमी सापडायची, कारण खुदकन हसल्याशिवाय तिला राहवायचंच नाही.

मग वडील थकले, आणि गेले. छकुली शिकून नर्स झाली, दूरच्या इस्पितळात लागली आणि तिथलीच होऊन गेली. दादाने घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं, लग्न केलं. बागेकडे बघायला कोणाला सवड नव्हती. मी झाले अडगळीची खोली. तुम्हा माणसांची एक गंमत आहे. एखादी वस्तू टाकवत नाही आणि घरातही नको असते, की म्हणता, "शेडमध्ये ठेव, लागेल कधीतरी." मोडका पाळणा, तळाशी रंग वाळलेले डबे, एकाच पायातला गमबूट, सगळं आलं माझ्याकडे. यातलं काही कोणाला कधीही लागलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

अडगळ आली तशी उंदरंही आली. जमीन कच्ची, त्यांनी खालून बोगदे काढले. पत्र्याखाली गांधीलमाश्यांनी घर केलं. एकदा दादा दारात येऊन, नाकावर रुमाल धरून बायकोला म्हणाला, "ही पाडूनच टाकू एकदा." पण दादाचं ‘एकदा’ म्हणजे कधी, ते त्यालाही माहीत नसतं, म्हणून वाचले.

आणि मग छकुली परत आली. निवृत्त झाली, इस्पितळाची खोली सोडावी लागली. लग्न तिने केलं नव्हतं. केस पांढरे, चाल मात्र अजून वॉर्डातली, भरभर. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायला लागली, एकटा दादा तेवढा अजून छकुली म्हणतो. तिच्याबरोबर एक पत्र्याची मोठी ट्रंक होती. वहिनी, म्हणजे दादाची बायको, म्हणाली, "वन्सं, कपाटाचे दोन कप्पे रिकामे केलेत तुमच्यासाठी."

"राहू दे गं वहिनी. ट्रंक शेडमध्ये ठेवते. थोड्या दिवसांसाठी कशाला तुझा पसारा हलवायचा?"

थोड्या दिवसांसाठी! जिथे जन्मली, त्या घरात.

अशी ती ट्रंक माझ्याकडे आली. लागेल तेवढं सिस्टर काढून न्यायची आणि पुन्हा कुलूप लावायची. महिने गेले, पण ट्रंक भरलेली ती भरलेलीच. घरात तिला कोणी टाकून बोलत नव्हतं, उलट वहिनी फारच जपायची. भाजी चिरायला घेतली की, "राहू द्या वन्सं, तुम्ही बसा." कपडे वाळत घालायला गेली की, "अहो, तुम्ही बसा ना." आता जन्मभर वॉर्डात उभं राहिलेल्या बाईला दिवसभर बसा म्हटलं, तर तिला काय वाटेल? तिला वाटायचं आपण पाहुणी. मग ती इथे येऊन ट्रंकेवर बसायची, आणि कोणाशी नाही ते माझ्याशी बोलायची. "बघ बाई, तुलाही काम नाही, मलाही नाही."

मग तिने कोंबड्या आणल्या. वहिनीने कपाळाला हात लावला, पण नको म्हणाली नाही. स्वयंपाकघराच्या मागे एक खोकं, वर जाळी, झालं घर. सिस्टरच्या अंगात नवा जीव आला. सकाळी उठून ती राउंड घ्यायची. "काय गं, रात्री झोप लागली का? तुझी पिसं अशी का?" एक थोराड तांबडी कोंबडी बाकीच्यांना टोचून रांगेत ठेवायची, तिचं नाव मेट्रन, इस्पितळातल्या मुख्य नर्सबाईंवरून. दुसरी एक उगाचच लाजायची, ती नवी नवरी.

आणि एका सकाळी वहिनीने किंकाळी फोडली. मुंगसाने डाव साधला होता. खोक्याची जाळी फाटलेली, अंगणभर पिसं. मेट्रन आणि नवी नवरी झाडावर चढल्या म्हणून वाचल्या. बाकीच्या गेल्या.

वहिनी झाडू घेऊन पिसं गोळा करत होती. रागाने नव्हे, तिला रडू येत होतं, पण वहिनीला रडू आलं की आवाज चढतो. "हे बघा वन्सं, माझ्याच्याने हे बघवत नाही. यापुढे एक जरी मेली ना, तर हे सगळं बंद! सांगून ठेवते!"

सिस्टर शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे तुझं. कोंबड्या गेल्या तर मीही जाईन. ट्रंक काय, भरलेलीच आहे."

तिने हे हसत म्हटलं. हसलं मात्र कोणीच नाही. निवृत्त नर्सबाईंच्या वसतिगृहात तिने खोलीची चौकशी करून ठेवली होती, ते मला माहीत होतं. ट्रंकेवर बसून फोनवर बोलली होती ना.

दादा फार बोलणारा नाही. तो माझ्याजवळ आला, दार ढकललं, आतला कोपरान् कोपरा बघितला आणि म्हणाला, "छकुले, इथेच करू कोंबड्यांचं घर. असं करू, की मुंगूसच काय, मुंगीसुद्धा शिरणार नाही."

बाप रे, काय ते दिवस! आधी माझ्यातली सगळी अडगळ निघाली. ट्रंक ओसरीवर गेली. कीटकनाशकाच्या जुन्या बाटल्या सिस्टरने हातमोजे घालून वेगळ्या काढल्या. गांधीलमाश्यांचं घर धूर करून हलवलं, त्यात दादाच्या कानाला एक चावली आणि तो दोन दिवस एका बाजूने कुंभकर्णासारखा दिसत होता. मग माझ्या भिंतींच्या कडेने चर खणला आणि बारीक चौकोनांची जाड जाळी त्यात पुरली, तळाशी बाहेरच्या बाजूला वळवून. म्हणजे उंदराने कुठूनही उकरलं तरी त्याचं नाक जाळीवरच आपटणार. आत कोबा केला. भिंतींना चुना फासला, फटीत किडे, पिसवा राहू नयेत म्हणून. बसायला आडवी दांडी, अंडी घालायला गवताचे खण, खाली लाकडाचा भुसा. भर म्हणून तीन तरुण कोंबड्याही आल्या. मी तर मोहरून गेले. म्हातारपणी कोणी एवढं नटवेल असं वाटलं नव्हतं.

पण या दोघा भावाबहिणींनी एक घोळ केला, आणि तो यांनीच करावा. एक घड्याळवाला, एक नर्स. घड्याळात धुळीचा कण गेला तर घड्याळ बंद पडतं, हे दादाच्या हाडीमासी भिनलेलं. जखमेवर वारा लागू द्यायचा नाही, हे सिस्टरच्या. दादाने भिंग लावून माझ्या फटी शोधल्या. भिंग लावून हो, खोटं नाही सांगत! एकूण एक फटीत लांबीचा लगदा चोपून भरला. पत्र्याखालची मोकळी जागा होती, जिथून वडिलांच्या वेळेपासून वारा खेळायचा, तिथे पट्ट्या ठोकल्या. दाराला खालून रबर लावलं. खिडकीची काच घट्ट बंद.

"घे," दादा कपाळ पुसत म्हणाला. "आता हिच्यात वारासुद्धा शिरणार नाही."

"वा दादा!" सिस्टर म्हणाली. "अगदी ऑपरेशन थिएटर!"

मी मनात म्हटलं, अरे बाळांनो, वारा शिरणार नाही ते ठीक, पण मग आम्ही करायचं काय? पण माझं ऐकतो कोण.

मुंगसाच्या धसक्याने सिस्टर कोंबड्यांना दिवसाही बाहेर सोडीना. पहिले काही दिवस बरे गेले. मग भुसा दमट व्हायला लागला. त्यांच्या श्वासाची वाफ पत्र्याला लागायची आणि थेंब होऊन खाली टपकायची. विष्ठेचा उग्र दर्प आत कोंडायचा. मला गुदमरायला व्हायचं, मग त्या बिचाऱ्यांचं काय होत असेल! एक दिवस मेट्रन दांडीवरून उतरली आणि चोच उघडी टाकून कोपऱ्यात बसली. डोळ्यांतून पाणी. कोणालाही टोचेना. मेट्रन टोचत नाही म्हणजे परिस्थिती गंभीर.

सिस्टरने हाय खाल्ली. ड्रॉपरने औषध पाजलं, चोच पुसली, आणि हिला थंडी बाधली असेल म्हणून दारावर आतून जाड पांघरूण टांगलं! आता काय बोलायचं? जिवाच्या आकांताने ती मेट्रनला वाचवत होती, आणि जितकं वाचवत होती तितकी मेट्रन बुडत होती.

पण दुपारी एक वेगळीच गंमत चालायची, ती फक्त मला ठाऊक. सिस्टर जरा आडवी झाली, की वहिनी मागच्या दाराने गुपचूप यायची. हातात मटाराच्या शेंगांची टोपली. आधी इकडेतिकडे बघायची, मग माझी खिडकी उघडायची. "शी गं बाई, काय हा वास! कशा जगता तुम्ही?" असं कोंबड्यांना विचारायची. मग ही कुंडी, जिच्यावर तुम्ही बसलाय ना, ती खिडकीखाली पालथी घालून तिच्यावर बसून मटार सोलायची. मुंगूस येऊ नये म्हणून शेजारी झाडू. टरफलं आत टाकायची. "खा गं. आणि मरू नका हं कोणी. तुम्ही मेलात तर त्या जातील. मोठ्या मानी आहेत, एकदा गेल्या तर परत यायच्या नाहीत." एवढं बोलून नाक ओढायची आणि पुढची शेंग सोलायची.

तेवढा तासभर आम्ही सगळ्या श्वास घ्यायचो. मेट्रनसुद्धा मान वर करायची. सिस्टर उठायच्या आधी खिडकी बंद. वहिनीला काही कारण वगैरे माहीत नव्हतं, तिला आपला तो वास सोसत नव्हता, एवढंच.

आणि एका दुपारी घात झाला. वहिनी नेहमीसारखी बसली होती. तेवढ्यात घरातून दूध करपल्याचा वास आला. "अगंबाई, दूध!" म्हणून ती टोपली उचलून धावली आणि खिडकी राहिली सताड उघडी. नेमकी तेव्हाच सिस्टर उठून बाहेर आली. बघते तर उघडी खिडकी, तिला जाळीही नाही, आणि आसपास चिटपाखरू नाही.

ती धावत आली, खिडकी धाडकन लावली, कोंबड्या मोजल्या. सगळ्या होत्या. मग स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. मला सगळं ऐकू येत होतं.

"खिडकी कोणी उघडली?"

"मी," वहिनी म्हणाली.

"मुद्दाम?"

"हो, मुद्दाम."

वहिनीने पुढे एक वाक्य बोलायला हवं होतं, पण नाही बोलली. ‘मुद्दाम’ हा शब्द तिला झोंबला होता. मानी काय एकट्या वन्संच आहेत का?

"म्हणजे तुला त्या मेलेल्याच हव्यात," सिस्टर म्हणाली. "सरळ सांगायचंस ना, वहिनी. मी आजच गेले असते."

ती तडक माझ्याकडे आली, आत शिरली, दार ओढून घेतलं, वरून पांघरूण सोडलं आणि खाली भुशातच बसली. मेट्रनला मांडीवर घेतलं. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "लोकांच्या घरी संसार मांडायला निघाले."

अगं, लोकांचं घर कुठलं? याच भिंतीमागे लपायचीस तू! काय काय सांगावंसं वाटत होतं मला. पण शेडने कितीही जीव तोडला तरी फार तर एखादी बिजागरी करकरते.

तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. आधी तिला वाटलं, रडू येतंय. थोड्या वेळाने रडू थांबलं तरी डोळे चुरचुरतच होते. नाकात झिणझिण्या आल्या. घसा खवखवला. डोकं जड झालं. मानेवर टपकन गार थेंब पडला. तिने वर बघितलं. पत्रा दहिवरल्यासारखा ओला. मग तिने कोंबड्यांकडे बघितलं. चौघी बंद खिडकीखाली दाटीवाटीने उभ्या, चोची वर काचेकडे करून. आणि त्यांच्या पायांशी मटाराची टरफलं. काही ताजी, काही वाळलेली, काही पार भुशात तुडवलेली.

सिस्टर टरफल हातात घेऊन बघत राहिली. मग उठली, भिंतीला धरत दाराशी गेली, दार ढकलून बाहेर पडली आणि मोठ्ठा श्वास घेतला. पुन्हा एक घेतला. खिडकीखाली गेली. तिथे पालथी कुंडी आणि शेजारी झाडू.

"वहिनी!" तिने अशी हाक मारली की शेजारच्या घरातही ऐकू गेली असेल. "वहिनी, लवकर ये!"

वहिनी पदराला हात पुसत धावत आली, तोंड पांढरंफटक. "काय झालं? मेली?"

"नाही मेली. आत ये, दार लाव आणि श्वास घे."

"मी कशाला घेऊ? मला माहितेय तो वास. तेवढ्यासाठीच तर रोज उघडत होते."

"रोज?"

"मग काय, एकच दिवस? आणि मी काय मोकाट सोडून गेले होते का? झाडू घेऊन बसायचे. आज मेलं ते दूध..." आणि वहिनीचा आवाज एकदम चढला, म्हणजे तिला रडू आलं.

सिस्टरने तिचे दोन्ही हात धरले. "अगं, वॉर्डात खिडक्या उघडा, खिडक्या उघडा म्हणून जन्मभर ओरडले मी. आणि इथे पाच जिवांना डब्यात कोंडलं! मेट्रन आजारी नाही गं, तिला हवाच नाही! आणि तुला मी नाही नाही ते बोलले. माझं चुकलं, वहिनी."

"चुकलंच," वहिनी नाक ओढत म्हणाली. "आणि आजच गेले असते म्हणे! जाऊन दाखवा बघू! कोंबड्यांचं कोण करणार, मी? मला नाही ती मेट्रन आवडत, टोचते ती."

दादा दुकानातून आला तेव्हा दोघी भुसा उपसत होत्या. त्याला सगळं सांगितलं. तो खजील होऊन म्हणाला, "मला वाटलं, घड्याळ कसं हवाबंद असलं की टिकतं..."

"अहो, कोंबडीला किल्ली द्यायची नसते!" वहिनी म्हणाली, आणि तिघंही इतकी हसली की मेट्रनने त्रासून मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी दादाने करवत घेतली. पत्र्याखालच्या पट्ट्या काढल्या, समोरासमोरच्या भिंतींना उंचावर लांबट झरोके कापले. दुखलं का म्हणून विचारू नका, दुखलं. पण पहिली झुळूक एका झरोक्यातून शिरून दुसऱ्यातून बाहेर गेली ना, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. वडिलांच्या वेळचा तोच वारा, तीच वाट. प्रत्येक झरोक्याला आणि खिडकीला बारीक जाळी ठोकली, दादाने ओढून ओढून बघितली. हवा यावी, उंदीर येऊ नये. सोपी गोष्ट, पण आम्हा सगळ्यांना किती महागात पडणार होती! दुपारी कोंबड्या बागेत फिरायला लागल्या आणि वहिनी उघडपणे राखण करत मटार सोलायला लागली. चार दिवसांत मेट्रनने नव्या नवरीला असं टोचलं, की सिस्टरच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं.

एक गोष्ट मात्र राहिली होती. ट्रंक. ती अजून ओसरीवर, भरलेली, कुलूपबंद. येताजाता वहिनी तिच्याकडे बघायची आणि पुढे जायची.

मग एकदा दाण्याचं पोतं कुरतडलेलं सापडलं. आत शिरता येईना म्हणून उंदरांनी ओसरीवरच्या पोत्यावर राग काढला होता. वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पोत्यात दाणा ठेवून चालायचं नाही. काहीतरी पत्र्याचं हवं, घट्ट झाकणाचं." थोडी थांबली. "मोठं हवं. तुमच्या ट्रंकेएवढं."

दोघींनीही एकमेकींकडे बघितलं नाही. वहिनी आत निघून गेली आणि किती तरी वेळ एकच भांडं घासत राहिली. मला आवाज येत होता ना.

सकाळी दाराच्या कड्या वाजल्या. दादा आणि सिस्टर ट्रंक धरून आत आले. एका हाताने उचलावी इतकी हलकी झाली होती ती. सिस्टरने झाकण उघडलं, आतून पुसली, आणि पोतं उचलून सगळा दाणा तिच्यात ओतला. कुलूप तिने आणलंच नव्हतं.

दारात वहिनी उभी होती. "कपडे?" तिने विचारलं.

"कपाटात. तुझे दोन कप्पे मला पुरत नाहीत हं, तिसराही घेतलाय."

"घ्या की!" वहिनी म्हणाली. तिचा आवाज चांगलाच चढला होता. "आणि आता उभ्या काय राहिलात? भाजी कोण चिरणार?"

ती बघा ती ट्रंक, तुमच्या डाव्या हाताला. त्या दिवसापासून इथेच आहे. माझी काही तक्रार नाही आता. मेट्रनचं झालेलं दिसतंय, तिच्या खालचं अंडं घ्या आणि वहिनीकडे द्या. जाताना दोन्ही कड्या लावा. वरच्या झरोक्यांना मात्र हात लावू नका, कितीही थंडी असली तरी ते तसेच राहू द्या.